आमदारांच्या मतदानाची नोंद कोठे सापडते आणि त्यांची कारकीर्द कशी वाचावी

कोकण किनाऱ्यावरच्या एका बंदरगावातून एका तरुण वाचकाने प्रश्न पाठवला आहे. त्याच्या घरची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे पारंपरिक मोठे जाळे, आहे. निवडणुकीच्या सभेत त्यांच्या आमदारांनी सांगितले की, पर्ससीन (माशांचा थवा वेढणारे यांत्रिक बोटींचे मोठे जाळे) आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीविरुद्ध आपण विधानसभेत ठामपणे उभे राहिलो. हे खरे की नाही, ते आमदारांच्या मतदानाच्या नोंदीवरून तपासता येईल काय, ती नोंद कोठे मिळेल आणि त्यांच्या दोन कार्यकाळांचे मूल्यमापन नेमके कशावरून करावे, असे त्याने विचारले आहे. एका जिल्हा दैनिकासाठी मी सत्तावीस वर्षे विधिमंडळाची अधिवेशने वार्तांकित केली असून निवृत्तीनंतर आमच्या गावच्या वाचनालयासाठी रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांतील पंधरा आमदारांच्या सभागृहातील कामाची टिपणे ठेवतो. त्या अनुभवावरून उत्तर देत आहे.

पहिली गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण ती कळली नाही तर पुढचा सारा शोध चुकीच्या दारात होतो. कोणत्या आमदाराने कोणत्या विधेयकाच्या बाजूने किंवा विरुद्ध मत दिले, हे विधेयकागणिक सांगणारी नामवार नोंद बहुतेक वेळा तयारच होत नाही. विधेयकावरची चर्चा संपली की अध्यक्ष किंवा त्यांच्या जागी बसलेले तालिका अध्यक्ष प्रस्ताव मतास टाकतात. अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’ म्हणावे, असे सांगितले जाते. दोन्ही बाजूंचा आवाज ऐकून ‘होय’चे बहुमत असल्याचे जाहीर होते आणि विधेयक संमत होते. यालाच आवाजी मतदान म्हणतात. त्या आवाजात तुमच्या आमदारांचा आवाज होता की नव्हता, ते त्या क्षणी सभागृहात होते की लॉबीत मतदारसंघातून आलेल्या लोकांशी बोलत उभे होते, हे कार्यवृत्तात, म्हणजे सभागृहाच्या कामकाजाच्या अधिकृत नोंदीत, कोठेही लिहिले जात नाही. घटनेच्या अनुच्छेद १८९ नुसार निर्णय हजर राहून मत देणाऱ्या सदस्यांच्या बहुमताने व्हावा लागतो. मात्र ते बहुमत दर वेळी मोजून दाखवावे, असे बंधन नाही. एखाद्या सदस्याने अध्यक्षांच्या निर्णयाला हरकत घेऊन पोल मागितला, तरच मतविभागणी, म्हणजे दोन्ही बाजूंच्या सदस्यांची मोजणी, होते, आणि असे क्वचितच घडते.

ही गोष्ट मी स्वतः चूक करून शिकलो. मी नवखा वार्ताहर असताना एका आमदारांनी विश्रामगृहावर बोलावून सांगितले की, जमिनीसंबंधीच्या एका दुरुस्ती विधेयकाला आपण कडाडून विरोध केला. मी ते जसेच्या तसे छापले. काही महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी त्या दिवसाचे कार्यवृत्त काढले, तेव्हा विधेयकावरच्या चर्चेत भाग घेणाऱ्या सदस्यांमध्ये त्यांचे नाव नव्हते, त्यांची दुरुस्ती सूचना नव्हती, आणि विधेयक आवाजी मतदानाने संमत झाले होते. ते खोटे बोलले, असे मी आजही म्हणणार नाही, कारण त्यांनी मनातून विरोध केला असेल आणि जागेवरून ‘नाही’ही म्हटले असेल. परंतु जे सिद्ध करता येत नाही ते मी सिद्ध झाल्यासारखे छापले होते, आणि ज्यांच्या जमिनी त्या दुरुस्तीत येत होत्या त्या लोकांनी माझ्या बातमीवर विश्वास ठेवला होता. तेव्हापासून ‘विरोध केला’ हे दोन शब्द लिहिण्यापूर्वी तो विरोध कोणत्या रूपात कागदावर आला, हे मी आधी पाहतो.

नामवार मोजणी होते ती मुख्यतः सरकार टिकते की पडते, अशा प्रसंगी. तेथेही ती हमखास होते असे नाही. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी फडणवीस सरकारवरील विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने संमत झाला आणि मतविभागणी न झाल्यावरून मोठा गदारोळ उडाला. याउलट ३० नोव्हेंबर २०१९ रोजी ठाकरे सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर शिरगणती झाली. ठरावाच्या बाजूने १६९ सदस्य मोजले गेले, ४ सदस्य तटस्थ राहिले आणि भाजपने सभात्याग केला. ३ जुलै २०२२ ची अध्यक्षपदाची निवडणूक तर कोकणच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची, कारण त्या वेळी राहुल नार्वेकर यांच्याविरुद्ध राजापूरचे आमदार राजन साळवी उमेदवार होते. नार्वेकरांना १६४ आणि साळवींना १०७ मते पडली. दुसऱ्या दिवशी शिंदे सरकारचा विश्वासदर्शक ठराव १६४ विरुद्ध ९९ असा संमत झाला. अशा शिरगणतीत सदस्य एकामागून एक उभे राहून मोजले जातात. तुमच्या आमदारांनी त्या दिवशी काय केले, हे येथे मात्र निश्चितपणे कळते.

कळते, परंतु त्याचा अर्थ लावताना सावध राहावे लागते. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या अनुसूचीनुसार, पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देणारा किंवा परवानगीशिवाय गैरहजर राहणारा सदस्य, पक्षाने १५ दिवसांत त्याला माफ केले नाही तर, अपात्र ठरू शकतो. पूर्वी एक तृतीयांश सदस्य फुटले तर त्यांना संरक्षण होते. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ते काढून टाकले. त्यामुळे नामवार मतदानात दिसते ते बहुधा पक्षाचे मत असते, आणि आमदाराची स्वतःची विचारशक्ती त्यावरून मोजता येत नाही. २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा तर एकाच पक्षाच्या नावाने दोन व्हिप, म्हणजे मतदानाचे पक्षादेश, निघाले होते. शिंदे गटाने प्रतोद, म्हणजे असा आदेश काढणारा सदस्य, म्हणून महाडचे आमदार भरत गोगावले यांची नेमणूक केली होती. ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या नेमणुकीला अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदा ठरवली आणि प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाला नसून राजकीय पक्षाला आहे, असे सांगितले. पुढे १० जानेवारी २०२४ रोजी अध्यक्षांनी अपात्रतेच्या अर्जांवर निर्णय देताना गोगावले यांची नेमणूक वैध धरली आणि दोन्ही बाजूंच्या कोणाही आमदाराला अपात्र केले नाही. त्या दिवशी कोणी आदेश मोडला आणि कोणी पाळला, हे केवळ आकडे पाहून सांगता येत नाही. त्यापूर्वी कोणाचा आदेश खरा, हे ठरवावे लागते, आणि त्यावर आजही लोकांचे एकमत नाही.

गैरहजेरीचेही तसेच आहे. ४ जुलै २०२२ रोजी काँग्रेसचे काही ज्येष्ठ सदस्य उशिरा पोहोचले आणि सभागृहाचे दरवाजे बंद झाल्यामुळे त्यांना मत देता आले नाही. यादीत दिसते ती केवळ गैरहजेरी. ती आजारपणामुळे होती, वाहतुकीच्या खोळंब्यामुळे होती की मनातल्या डळमळीतपणामुळे, हे यादी सांगत नाही. म्हणून एका दिवसाच्या गैरहजेरीवरून निष्ठेचे किंवा दगाबाजीचे निष्कर्ष काढू नयेत, असे मी नव्या वार्ताहरांना नेहमी सांगत आलो.

आवाजी मतदानातही एखाद्याला आपला विरोध नोंदवून ठेवता येतो, हे मात्र आवर्जून सांगितले पाहिजे. जुलै २०२५ मध्ये विशेष जनसुरक्षा विधेयक विधानसभेत आवाजी मतदानाने संमत झाले, तेव्हा डहाणूचे माकपचे एकमेव आमदार विनोद निकोले यांनी सभागृहात विरोध व्यक्त केला. त्या विधेयकाबद्दल कोणाचे मत काहीही असो, एक सदस्य उभा राहून आपली भूमिका सांगतो, तेव्हा ती त्याच्या नावावर कायमची राहते. आवाजाने ती नोंद होत नाही, ती भाषणाने होते. विधेयक संयुक्त चिकित्सा समितीकडे गेलेले असेल तर समितीच्या अहवालाला जोडलेली भिन्नमतपत्रिका हाही असाच पुरावा असतो. बाहेर पत्रकारांसमोर प्रखर बोलणाऱ्या सदस्याने समितीत भिन्नमत नोंदवले की नाही, हे मी सर्वांत आधी पाहतो. आणि जेव्हा विधेयक एकमताने संमत होते, जसे मराठा आरक्षणाचे विधेयक २० फेब्रुवारी २०२४ रोजी झाले, तेव्हा त्या एकमतातून कोणा एकाच्या कारकिर्दीबद्दल काहीच निष्पन्न होत नाही.

मग कारकीर्द असते कोठे? माझे ठाम मत आहे की ती प्रश्नोत्तरांत, लक्षवेधी सूचनांत आणि आश्वासनांच्या पाठपुराव्यात असते. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या मिळतात, जुन्या कार्यवृत्तांचे खंड मोठ्या ग्रंथालयांत असतात. एखादा तारांकित प्रश्न, म्हणजे ज्यावर सभागृहात उपप्रश्न विचारता येतात असा प्रश्न, वाचायला घ्या. त्याची ठरलेली घडण असते: अमुक बंदरातील धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचे काम रखडले आहे, हे खरे आहे काय, असल्यास शासनाने चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले, तदनुसार कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. खाली मंत्र्यांचे उत्तर असते, आणि ते पुष्कळदा ‘हे अंशतः खरे आहे’ आणि ‘प्रश्न उद्भवत नाही’ या दोन वाक्यांवर संपते. प्रथम वाचणाऱ्याला यात काहीच सापडत नाही. पण प्रश्नाच्या डोक्यावर पाहा. तेथे एकाच प्रश्नाखाली पुष्कळदा आठ-दहा सदस्यांची नावे असतात, कारण एकाच विषयावरच्या सूचना एकत्र केल्या जातात आणि कधी मसुदाही सर्वांचा एकच असतो. वर्षअखेरीस ‘आमदारांनी इतके शेकडो प्रश्न विचारले’ अशी पत्रके निघतात, तेव्हा ती नावे मोजलेली असतात. खरे काम त्यापुढे सुरू होते. प्रश्न सभागृहात पुकारला गेला तेव्हा उभे कोण राहिले, उपप्रश्न कोणी विचारला, आणि तो उपप्रश्न मंत्र्यांच्या लेखी उत्तरातील नेमक्या फटीवर बोट ठेवणारा होता की केवळ ‘माझ्या मतदारसंघातही असेच आहे’ एवढाच होता, हे कार्यवृत्तातच कळते.

मी पाहिलेला एक उत्तम उपप्रश्न अगदी साधा होता. बंधाऱ्याचे काम ‘प्रगतिपथावर’ असल्याचे लेखी उत्तर होते. सदस्याने विचारले की, काम प्रगतिपथावर असेल तर ठेकेदाराला शेवटचे देयक कोणत्या तारखेला दिले? मंत्र्यांकडे तारीख नव्हती. अधिकारी बसतात त्या दीर्घेतून चिठ्ठी आली, ती वाचून मंत्र्यांनी सांगितले की माहिती घेऊन पटलावर ठेवली जाईल. कामाची खरी अवस्था त्या एका प्रश्नाने उघड झाली, आणि त्यासाठी त्या सदस्याने आदल्या रविवारी बंधाऱ्यावर जाऊन दगड कोठपर्यंत पडले आहेत ते स्वतः पाहिले होते. प्रश्नांची संख्या मोजण्यापेक्षा असे दोन-तीन प्रश्न शोधणे मला अधिक मोलाचे वाटते.

येथे एक अन्याय टाळायला हवा. जो आमदार मंत्री आहे तो प्रश्न विचारू शकत नाही. त्याच्या नावापुढे शून्य दिसले म्हणून त्याला निष्क्रिय ठरवू नये. त्याची उत्तरे वाचावीत, त्याने दिलेली आश्वासने वाचावीत. पीठासीन अधिकाऱ्याचेही तसेच. जुलै २०२१ मध्ये बारा भाजप आमदारांचे एक वर्षासाठी निलंबन झाले तेव्हा गुहागरचे आमदार भास्कर जाधव तालिका अध्यक्ष म्हणून आसनावर होते. ते निलंबन सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ रोजी रद्द केले. अशा प्रसंगी सदस्याच्या कारकिर्दीचा तपशील त्याच्या भाषणात सापडत नाही, आसनावरून झालेल्या कामकाजात सापडतो.

सभागृहातले काम जमिनीवर उतरले की नाही, ही खरी कसोटी. आणि हे आपल्या कोकणाने फार पूर्वी, फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले झाले. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तो ठराव स्वीकारला. तरीही चवदार तळ्याचे पाणी प्यायला २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. ठराव, नगरपालिकेचा निर्णय आणि ओंजळीतले पाणी यांमध्ये साडेतीन वर्षे गेली, आणि त्यानंतरही वाद न्यायालयात दहा वर्षे चालला. बोले यांची विधिमंडळातली कामगिरी त्यामुळे लहान ठरत नाही; त्यांच्या ठरावावाचून महाडच्या लढ्याला कायद्याचा आधारच मिळाला नसता. पण ठराव संमत झाला या एका ओळीवर नोंद संपवली, तर महाडमधल्या माणसांना त्या साडेतीन वर्षांत काय भोगावे लागले ते नोंदीबाहेरच राहते.

त्याच वाचनात दुसरी गोष्टही ध्यानात येते, की हरलेले विधेयकही कारकिर्दीत धरले पाहिजे. खोतीने, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या पद्धतीने, कोकणातील कुळांना पिढ्यान्‌पिढ्या नाडले. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून संप चालवला होता. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईत विधानभवनावर गेला. ते विधेयक त्यांच्या हातून कायदा झाले नाही. खोती रद्द करणारा कायदा १९४९ चा. केवळ संमत झालेली विधेयके मोजणाऱ्या कोष्टकात आंबेडकरांच्या नावापुढे या बाबतीत शून्य लिहावे लागेल. माझ्या आजोबांच्या घरी खोताला द्यायच्या भाताचे माप शेवटपर्यंत माळ्यावर होते, आणि त्यांच्या तोंडी १९३७ च्या त्या विधेयकाचा उल्लेख आदराने येत असे. तेव्हापासून अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांनी मांडलेली, विधेयके आणि ठराव मी कधीही वगळत नाही, मग ते मताला आले असोत वा नसोत. अधिवेशनात शुक्रवारी अशासकीय कामकाजाला वेळ असतो, सभागृह बरेचसे रिकामे असते, गाड्या पनवेलकडे निघालेल्या असतात. त्या वेळी कोण बसून आहे, हे मी अनेक वर्षे टिपून ठेवले.

आमदार निधीबद्दल थोडक्यात सांगतो. वर्षाला ५ कोटी रुपयांच्या स्थानिक विकास निधीतून पाखाड्या, साकव, समाजमंदिरे आणि विजेचे खांब होतात, पाखाडीच्या पहिल्या पायरीशी नावाची कोनशिला लागते. वाडीतल्या म्हाताऱ्या माणसाला पावसाळ्यात घसरून न पडता खाली उतरता येते, याचे मोल मी कमी मानत नाही. मात्र हे काम निधी असलेला कोणीही करू शकतो. पुरवणी मागण्यांवर, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चावर, बोलणे, खर्चात कपात सुचवणाऱ्या कपात सूचना देणे, लोकलेखा समितीत बसून महालेखापालांच्या ताशेऱ्यांवर सचिवांना जाब विचारणे, हे केवळ आमदारच करू शकतो. उमेदवारीच्या वेळी दिलेले प्रतिज्ञापत्रही जरूर वाचावे आणि दोन निवडणुकांची प्रतिज्ञापत्रे शेजारी ठेवून वाचावीत, परंतु त्यातून मालमत्ता आणि खटले कळतात, विधिमंडळातले काम कळत नाही.

आता तुमच्या रापणीच्या प्रश्नाकडे येतो. सागरी मासेमारी नियमनाचा मूळ कायदा १९८१ चा आहे. पर्ससीनवर निर्बंध घालणारा शासनाचा आदेश फेब्रुवारी २०१६ मध्ये निघाला. तो आदेश शासनाचा असल्यामुळे त्यावर विधानसभेत मतदान होण्याचा प्रश्नच नव्हता. २०२१ मध्ये मात्र कायद्यातच दुरुस्ती झाली, दंड मोठ्या प्रमाणात वाढले आणि कारवाईचे जे अधिकार पूर्वी तहसीलदारांकडे होते ते मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आले. तुमच्या आमदारांनी ‘उभे राहिलो’ म्हटले असेल तर त्या दुरुस्ती विधेयकावरच्या चर्चेच्या दिवसाचे कार्यवृत्त काढा आणि वक्त्यांमध्ये त्यांचे नाव आहे काय, ते पाहा. असल्यास त्यांचे भाषण पूर्ण वाचा, कारण पारंपरिक मच्छीमारांच्या बाजूने सुरुवात करून शेवटी पर्ससीनधारकांना मुदतवाढ मागणारी भाषणेही मी ऐकली आहेत. नसल्यास त्यांच्या दोन कार्यकाळांतील मत्स्यव्यवसाय खात्याच्या प्रश्नोत्तरांच्या याद्या चाळा, आणि ज्या प्रश्नावर त्यांचे नाव आहे तो सभागृहात पुकारला गेला काय, उपप्रश्न त्यांनी विचारला काय, आणि मंत्र्यांनी गस्ती नौकांबद्दल किंवा परवान्यांबद्दल काही शब्द दिला काय, हे टिपून घ्या. शब्द दिला असेल तर त्याची तारीख घेऊन मत्स्यव्यवसाय खात्याच्या तुमच्या जिल्ह्यातील कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज करा, की या आश्वासनावर काय कार्यवाही झाली आणि मंत्र्यांच्या आश्वासनांचा पाठपुरावा करणाऱ्या आश्वासन समितीला काय कळवले गेले.

उत्तर आले की ते घेऊन आमदारांना भेटा. बरोबर कार्यवृत्ताची छापील प्रत ठेवा, त्यातील त्यांच्या नावाखाली रेघ मारून ठेवा. मी अनेक आमदारांना पाहिले आहे. आपले भाषण कोणीतरी पूर्ण वाचून आले आहे हे कळल्यावर ते खुर्ची पुढे ओढून बसतात आणि तुमचे पुढचे म्हणणे लक्षपूर्वक ऐकतात.